इकडील सर्व कुशल

माझा भाचा बंगळूरला नोकरीला आहे, यापलीकडे त्याच्या नोकरीविषयी आमच्या घराण्यात कुणालाच काही ठाऊक नव्हते. 'तो मोबाइलमध्ये आहे' असे माझी बहीण सांगते आणि ऐकणारा आदराने मान डोलावतो. हा मुलगा मोबाइल विकतो, दुरुस्त करतो की टॉवरवर चढतो, हे विचारण्याचे धैर्य कुणी दाखवले नव्हते. गेल्या दिवाळीत ते मी दाखवले. फराळाची ताटे पुढे होती, भाचा तिसऱ्या अनारशाला हात घालीत होता आणि अशा वेळी माणूस खरे बोलतो, असा माझा अनुभव आहे.

"मावशी, सोप्या भाषेत सांगायचं तर फोन बोलण्याआधी जे बोलतात ना, ते बोलणं मी कमी करतो," तो म्हणाला.

"फोन बोलण्याआधी बोलतात?"

"सारखे! आत्ता तुझा फोन तिकडे कपाटावर गप्प पडलाय असं तुला वाटतं. तो गप्प नाही. मी कुठे आहे, मला कितपत ऐकू येतंय, शेजारचा टॉवर बरा की हाच बरा, हे त्याचं टॉवरशी चाललेलंच असतं. त्यात तुझा मजकूर एका अक्षराचाही नाही. नुसती बोलण्याची व्यवस्था. आम्ही त्याला कंट्रोल सिग्नलिंग म्हणतो."

मला हसू आवरेना. बोलण्याआधीचे बोलणे कमी करायचे म्हणजे आम्हा मराठी शिकवणाऱ्यांच्या पोटावरच पाय की! वर्षानुवर्षे मी वर्गात पत्रलेखन शिकवीत आले आहे. माझ्या आजोबांची जुनी कार्डे अजून आमच्या वाईच्या घरातल्या पेटीत आहेत. अर्धे कार्ड मायन्यात जाई. मग 'इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवणे' येई. आणि खरा मजकूर, म्हणजे आंब्याची पेटी एस. टी.ने पाठवली आहे हा, जागा संपल्यामुळे समासात आडवा लिहिलेला असे. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढे लांबलचक लिहून कंटाळलेल्या कुणा शहाण्याने कधीतरी त्याचे 'सा. न. वि. वि.' केले आणि मजकुराला दोन ओळी जास्त मिळाल्या.

हे सांगितल्यावर भाच्याने अनारसा खाली ठेवला. "मावशी, अगदी हेच! ४जीवर आपण बोलतो तेव्हा आवाजाचे तुकडे होऊन जातात, एका सेकंदाचे पन्नास. एका तुकड्यात मजकूर असतो तीसेक बाइटांचा आणि त्याच्यावर मायना चाळीस बाइटांचा. दर तुकड्यावर तोच पत्ता, तोच नमस्कार. मग दोन्ही टोकांनी एकदा ठरवून घेतलं, की पहिल्यांदा पुरा मायना लिहायचा आणि पुढे फक्त सा. न. वि. वि. चाळीस बाइटांचे तीन-चार होतात. हे काही माझ्या खात्यातलं काम नाही, पण माझ्या कामाचा सख्खा भाऊ म्हण."

त्या दिवशी मला प्रथमच वाटले, की हा मुलगा आमच्या घराण्याला अगदीच परका नाही.

मग तो रंगात आला. हवेतल्या लहरींचा पट्टा कंपनीने लिलावात पैसे मोजून घेतलेला असतो आणि तो काही रबरासारखा ताणता येत नाही. व्यवस्थेच्या बोलण्यात जो भाग गेला, तो मजकुराच्या वाट्यातून गेला. शिवाय प्रत्येक निरोपाला फोनची बॅटरी जळते. म्हणून त्याच्यासारखी शेकडो माणसे एकाच प्रश्नाला डोके लावून बसलेली असतात: काय सांगितले नाही तरी चालेल?

"असं समज," तो म्हणाला, "तुझ्या कॉलेजात दोन हजार मुलं आहेत. प्राचार्यांना त्यातला एक तातडीनं हवाय. तो कुठे सापडणार?"

"शिपाई वर्गावर्गात जाऊन नाव पुकारतो. एका पोरासाठी सगळ्यांचे तास मोडतात."

"त्याला पेजिंग म्हणतात. तुझा फोन वाजायचा असला, की कितीतरी टॉवरांवरून त्याच्या नावाची हाक जाते. आता हे टाळायचं म्हणून असा नियम केला, की प्रत्येक मुलानं वर्ग बदलला की ऑफिसात येऊन नोंद करायची. मग काय होईल?"

"ऑफिस बंद पडेल."

"म्हणून मधला मार्ग. कॉलेजचे विभाग पाडायचे. विभागातल्या विभागात कुठेही हिंडा, सांगू नका. विभाग बदललात तर मात्र सांगा. शोधायची वेळ आली तर शिपायानं तेवढ्या विभागापुरतं पुकारायचं. विभाग लहान केले तर नोंदी वाढतात, मोठे केले तर पुकारा वाढतो. या दोन्हींची बेरीज कमीत कमी कुठे होते, ते शोधणं हे आमचं काम."

मी शंका काढली, की आमच्याकडे काही मुले दिवसभर जिन्यातच उभी असतात. इकडे एक पाय, तिकडे एक पाय. त्यांचे काय करायचे?

"फोनही तसेच असतात! हद्दीवरच्या घरात या खोलीतून त्या खोलीत गेलं, तरी विभाग बदलतो. ४जीमध्ये त्यावर तोड काढली आहे. प्रत्येक फोनला विभागांची यादीच देतात. यातल्या कुठल्याही विभागात असलास तरी सांगू नकोस म्हणून. यादीतही फोनाफोनांत फरक करता येतो. कारण डेक्कन क्वीन हद्द ओलांडते तेव्हा तिच्यातले शेकडो फोन एका क्षणी 'आम्ही आलो, आम्ही आलो' म्हणून ओरडतात. याद्या निरनिराळ्या असल्या, की ते थोडे थोडे करून ओरडतात. आणि शिपाई शहाणा असला तर तो आधी कँटीनमध्ये बघतो. फोन शेवटी जिथे सापडला होता तिथे पहिली हाक, नाही मिळाला तर मग सगळीकडे."

अशा एकेक गमती तो सांगत गेला. निवांत पडलेला फोन सतत कान टवकारून बसत नाही. साधारण सव्वा सेकंदातून एकदा, आपली पाळी आली की क्षणभर जागा होतो, आपल्याला हाक आहे का पाहतो आणि पुन्हा डोळे मिटतो. ती पाळी कोणती, हेदेखील त्याला कुणी सांगावे लागत नाही. ती त्याच्या स्वतःच्या क्रमांकावरूनच निघते. बोलत असताना फोनने शेजारच्या टॉवरची बातमी दर क्षणी द्यायची नसते. शेजारचा ठराविक फरकाने सरस ठरला आणि थोडा वेळ सरस राहिला, तरच द्यायची. आणि ऐकू कसे येते, हे वर्णन करून सांगायचे नाही. शून्य ते पंधरा यांतला एक आकडा सांगायचा, की काम झाले.

हे ऐकून मला तारांची आठवण झाली. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. पण ज्यांनी ती पाठवली आहे त्यांना आठवेल, की शुभेच्छांची वाक्ये खात्याने आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिलेले होते. आपण फक्त क्रमांक लिहायचा. तारेतून आकडा जायचा आणि पलीकडचा तारबाबू त्याचे वाक्य करून पाठवायचा. एक नंबर म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा. आठ नंबर म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या. एका आकड्याची चूक झाली तर दिवाळीला काय प्रसंग ओढवला असता, याची कल्पना करून आम्ही दोघेही पुष्कळ हसलो.

"पण इतकी काटकसर नाही केली तर बिघडतं काय?" मी विचारले.

तो गंभीर झाला. २५ जानेवारी २०१२ ची टोकियोतली हकीकत त्याने सांगितली. एनटीटी डोकोमो ही जपानातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी. स्मार्टफोन नुकते वाढू लागले होते. त्यांतली ॲप्स मालक झोपलेला असतानाही आपल्या सर्व्हरला अधूनमधून 'मी आहे, तू आहेस ना?' असे विचारीत राहतात. विचारणे दोन अक्षरांचे. पण त्या दोन अक्षरांसाठी फोनने जागे व्हायचे, टॉवरशी जोडणी मागायची, ओळख पटवायची, बोलून झाले की जोडणी सोडायची. दोन आण्यांच्या सुपारीला पाच रुपयांचा टांगा. कंपनीने नवी यंत्रणा बसवली होती, ती व्यवस्थेच्या या निरोपांच्या लोंढ्याखाली दबली आणि सुमारे २५ लाख ग्राहकांची सेवा चार तासांहून अधिक काळ विस्कळीत झाली. माणसे फार बोलली म्हणून नव्हे. फोन 'तू आहेस ना?' म्हणून एकमेकांना फार विचारीत बसले म्हणून.

"यावरही तोड निघाली का?"

"५जीच्या २०१८ मधल्या पहिल्या प्रमाणात एक नवी अवस्था आली. पूर्वी फोनला दोनच अवस्था. एक तर दार उघडं, नाही तर कडीकुलूप. दर वेळी कुलूप काढा, नाव विचारा, ओळख पटवा. आता दार नुसतं लोटून ठेवता येतं. बोलणं थांबलं तरी टॉवर फोनची ओळख जपून ठेवतो. फोननं पुन्हा नुसतं ढकललं, की आत."

वाड्यात वाढलेल्या माणसाला हे दार समजावून सांगावे लागत नाही.

भाचा बंगळूरला गेला, पण त्याचे तत्त्वज्ञान माझ्या डोक्यात राहिले. काय सांगितले नाही तरी चालेल? या एका प्रश्नाने मी घरादाराकडे पाहू लागले. आणि पहिलाच बळी गेला तो माझ्या आईच्या फोनचा.

आई वाईला एकटी असते. वय चौऱ्याहत्तर. पुण्याला ये म्हटले तर 'पाहू' म्हणते आणि ते 'पाहू' गेली नऊ वर्षे चालू आहे. रोज रात्री नऊच्या ठोक्याला तिचा फोन येई. "काही नाही, सहज केला. जेवलात का?" मी म्हणे, जेवलो. "भाजी काय केली होतीस?" मी सांगे. "बरं, ठेवते." एवढाच मजकूर. तोही रोज नवा नाही. आमच्या ह्यांनी एकदा हिशेब मांडला होता, की त्या संभाषणातला भाजीचा शब्द सोडला तर बाकीचे सारे छापून ठेवता येईल. नऊ ही माझी पेपर तपासण्याची वेळ. दिवाळी संपली, परीक्षेचे गठ्ठे घरी आले आणि एका रात्री मी बोलून गेले, "आई, रोज रोज कशाला करतेस? काही विशेष असलं तरच करत जा ना."

वर तिला थोडे शास्त्रही ऐकवले. नातू काय काम करतो, निष्कारण निरोपांनी काय होते, वगैरे. ती म्हणाली, "बरं." एवढेच.

दुसऱ्या रात्री नऊला फोन वाजला नाही. तिसऱ्या रात्री नाही. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. गठ्ठे भराभर उरकले. रविवारी मीच फोन करी, ती सगळे ठीक म्हणे. एका रविवारी आमच्याकडे पाहुणे होते, तेव्हा तोही राहिला. कुठे काही अडले नाही. मी मनात भाच्याला धन्यवाद दिले.

पौषात एका सकाळी वाईहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुम्हाला आईंनी कळवलं असेलच म्हणा," अशी त्यांनी सुरुवात केली. मला काहीच कळवलेले नव्हते. चार दिवसांपूर्वी आई न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडली होती. हाड मोडले नव्हते, पण पाय सुजून टम्म झाला होता. चार दिवस ती भिंत धरून घरातल्या घरात चालत होती आणि काकू दोन वेळचे ताट आणून देत होत्या.

दुपारी मी वाईला पोचले तेव्हा ती पलंगावर पाय लांब करून तांदूळ निवडीत बसली होती. मी चिडले. घाबरलेला माणूस चिडतो तशी चिडले.

"अगं, फोन नाही का करायचा?"

तिने ताटातून मान वर केली नाही. "तूच म्हणालीस ना, विशेष असलं तर कर म्हणून? पाय मुरगळणं ह्यात काय विशेष?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिने नियम पाळला होता. माझ्या नियमात 'विशेष' कशाला म्हणायचे, हे मी ठरवायचे तिच्यावर सोपवले होते आणि स्वतःच्या दुखण्याला विशेष म्हणण्याची तिला आयुष्यात कधी सवय नव्हती. मी तांदळाचे ताट पुढे ओढले आणि खडे वेचीत बसले. बोलण्यासारखे मला काही सुचेना.

रात्री मी ओसरीवर येऊन भाच्याला फोन लावला. त्याच्यावर थोडा राग काढावा, असाही हेतू होता. त्याने सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाला, "मावशी, तू एक टायमर विसरलीस."

"कसला टायमर?"

"माझं त्या दिवशी सांगायचं राहिलं. फोन एका जागी पडून असला, विभाग बदलला नाही, काही म्हणजे काही घडलं नाही, तरी ठराविक वेळानं त्यानं एकदा 'मी आहे' म्हणून सांगायचंच असतं. ४जीच्या प्रमाणात ती मुदत मुळात ५४ मिनिटांची आहे. कंपनी तिच्या सोयीनं बदलते. त्यावर नेटवर्क आणखी चार मिनिटं सवलत देतं. तेवढ्यात फोन बोलला नाही तर त्याला हाका मारणं थांबतं आणि पुढे हजेरीपटावरून नावच कमी होतं."

"पण त्यात मजकूर काय? काही घडलेलंच नाही ना?"

"तोच मजकूर. बॅटरी अचानक मेली, फोन विहिरीत पडला, तर तो 'मी पडलो' असं सांगायला येत नाही. ज्याच्यावर संकट येतं, त्याच्याकडून संकटाची बातमी येईलच असं धरून चालत नाही. म्हणून कुशल असल्याची बातमी ठरलेल्या वेळी यावी लागते, म्हणजे ती आली नाही की काहीतरी कळतं. आम्ही ती मुदत लांबवतो, निरोप आखूड करतो. पण ती काढून टाकत नाही."

मी बराच वेळ ओसरीवर बसून होते. 'इकडील सर्व कुशल.' आजोबांच्या कार्डावरची ही ओळ मी मुलांना शिकवताना नेहमी हसून सोडून देत असे. जागा अडवणारी ओळ म्हणून. आजोबांनी मात्र आंब्याचा मजकूर समासात ढकलला, पण त्या ओळीला कधी हात लावला नाही. मायना आखडता येतो, हे त्यांना ठाऊक होते. कुशल आखडता येते, गाळता येत नाही, हेही ठाऊक असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला म्हणाले, की तू पूर्वीसारखा रोज फोन कर. ती तयार होईना. माझ्या पेपरांचे कारण तिने मनात पक्के धरले होते. मग मी म्हटले, नुसता एसएमएस कर. तेही तिला पसंत पडले नाही. तिच्या बटनांच्या फोनवर मराठी लिहायचे म्हणजे एकेका अक्षराला देव आठवतो. वास्तविक एसएमएस हा मूळचा याच कुळातला. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला, नाताळच्या शुभेच्छांचा, आणि व्यवस्थेच्या निरोपांसाठी राखलेल्या वाटेवरच्या रिकाम्या जागेतून हे संदेश जात. म्हणून तर त्यांना १६० अक्षरांची मर्यादा. आपल्या देवनागरीला जागा जास्त लागते, म्हणून आपल्या वाट्याला ७०. पण कुशल कळवायला सत्तर तरी कशाला हवीत?

"त्यापेक्षा मी मिसकॉल देत जाईन," आई म्हणाली. "पूर्वी नाही का, तू पुण्याला पोचलीस की द्यायचीस? दोन रिंगा. उचलू नकोस हो."

फोनला मिनिटामिनिटाचे पैसे पडत त्या काळी साऱ्या महाराष्ट्रात, नव्हे साऱ्या देशात, लोक हेच करीत. पोचलो, खाली ये, दूध आण, आठवण आली. सगळे न उचललेल्या फोनवर चाले. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, "मावशी, आजीनं माझ्या नोकरीवर पाणी फिरवलं. मिसकॉल म्हणजे निव्वळ सिग्नलिंग. शोधणं आहे, हाक आहे, घंटा आहे आणि मजकूर शून्य. कंपनीला सगळा खर्च आणि मिळकत काही नाही!" मग थोडे थांबून म्हणाला, "पण तिला सांग, बंद करू नकोस म्हणावं. एवढं आमचं नेटवर्क सोसेल."

तेव्हापासून रोज रात्री नऊला आमचा फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. पेपर तपासता तपासता मी मान वर करते आणि पुन्हा खाली घालते. एखाद्या दिवशी नऊला पाच मिनिटे होऊन जातात. मग माझी तांबडी पेन्सिल एकाच ओळीवर फिरत राहते आणि आमचे हे वर्तमानपत्र खाली ठेवून फोनकडे पाहतात. चार मिनिटांची सवलत आम्हीही देतो. पाचव्या मिनिटाला मी फोन लावते. बहुतेक वेळा ती शेजारी हळदीकुंकवाला गेलेली असते.

परवा चकल्यांचे पीठ भिजवीत होते, तोच नऊ वाजले. दोन रिंगा झाल्या. फोन थांबला नाही. तिसरी झाली, चौथी झाली. पिठाचे हात तसेच घेऊन मी धावले, कोपराने बटन दाबले आणि ओरडले, "आई! काय झालं?"

"काही नाही गं," पलीकडून आवाज आला. "या खेपेला माझ्या चकल्यांना काटे फार छान आलेत. म्हटलं, हे विशेष आहे."